शांत कुत्रा हवा आहे

दहावीचा शेवटचा पेपर झाला की माझं घर रिकामं होतं. वर्षभर हॉलमध्ये अंथरलेल्या सतरंज्या झटकून माळ्यावर जातात, दारातला चपलांचा ढीग नाहीसा होतो. फळ्यावरची बहिर्गोल भिंगाची आकृती मात्र मी पुसत नाही, पुढच्या बॅचला तीच लागणार असते. सीवूड्सच्या माझ्या दोन खोल्यांत मग दुपारभर पंखा आणि मी. शेजारी कोणीतरी कैऱ्या किसत असतं, त्याचा आंबट वास जिन्यापर्यंत येतो. आता चार दिवस पाठ टेकावी असं मनात येतं आणि तेवढ्यात फोन वाजतो.

“टीचर, तुम्ही ते कुत्र्यांचं बघता ना?”

आवाज ओळखीचा असतो. याच आवाजाने वर्षभर “आमच्याला सायन्सला किती पडतील?” असं विचारून माझं डोकं खाल्लेलं असतं. आमच्या शहरात दहावीच्या पोरांना काय काय कबूल केलेलं असतं, ते एकदा बसून ऐकण्यासारखं आहे. पूर्वी सायकल असायची, मग मोबाईल आला. आता मोबाईल आधीपासूनच हातात असतो, म्हणून कुत्रा. “दहावी होऊ दे, मग आणू.” म्हणणाऱ्यांना खात्री असते की पोरगं विसरेल. पोरं प्रकाशाचे नियम विसरतात, आवर्तसारणी विसरतात, हे तेवढं लक्षात ठेवतात. मग एप्रिलात आईबापांची पंचाईत होते, आणि ती फोनवरून माझ्याकडे येते.

“बघते ना,” मी म्हणते. “कसा हवाय?”

लहान की मोठा, काळा की तांबडा, नर की मादी, यावर घरात भांडणं झालेली असतात. पुढच्या गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत असतं. “शांत हवा, टीचर. बाकी आमचं काही म्हणणं नाही.”

यंदाही फोन सुरू झालेत. ‘शांत’ हा साधा, चांगला शब्द. देवळाबाहेर लिहितात, हॉस्पिटलात लिहितात. पण एप्रिलात तो कानावर पडला की मला भिंगरीचा उन्हाळा आठवतो.

घणसोली गावाच्या मागे, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. रस्त्यावरची, टाकून दिलेली, गाडीखाली येऊन वाचलेली कुत्री तिथे वर्षाताई सांभाळतात. वर्षाताई माझ्याहून वयाने लहान, पण त्या शेडमध्ये त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही. शिकवण्या बंद असल्या की मी रोज जाते, एरवी रविवारी. एप्रिलात पत्रा असा तापतो की खाली उभं राहिलं तरी डोक्याचा तवा होतो. हळद घातलेल्या भाताचा वास, फिनेलचा वास, आणि कुत्र्यांना गार वाटावं म्हणून भिजवून टाकलेल्या गोणपाटांचा कुबट वास, हे तिन्ही मिळून जे काही होतं ते माझ्या ओढणीतून धुवूनही जात नाही. दुपारी सगळी कुत्री त्या गोणपाटांवर अंग टाकून जिभा लोंबकळत ठेवतात. त्या उन्हाळ्यात शेडमध्ये एकच जीव असा होता जो दुपारीही आडवा होत नव्हता.

पिल्लू असताना तिला कोणीतरी बांधकामाच्या वाळूवरून उचलून आणून दिलं होतं. तांबूस अंग, एक पाय पांढरा, जणू दुधात बुडवून काढलेला. पिंजऱ्यात ती सरळ चालायचीच नाही, गोल गोल फिरायची, म्हणून भिंगरी. पाण्याचं पातेलं उलटं करून त्यावर चढायची. भात वाढणाऱ्याच्या खांद्यावर पुढचे पाय टाकायची. साखळी घालून बाहेर नेलं की नेणारा तिच्या मागे फरफटत जायचा. माझ्या उजव्या खांद्याचं दुखणं तेव्हाचं आहे, अजून थंडीत बोलतं. वाईट म्हणजे ती दिसायला देखणी होती. येणारं प्रत्येक कुटुंब आधी तिच्यापाशीच थांबायचं. “अय्या, किती गोड!” एवढं होईपर्यंत भिंगरी जाळीवर झेपावलेली असायची, आई दोन पावलं मागे सरलेली असायची, आणि मग सगळे पुढच्या पिंजऱ्याकडे जायचे. ती मात्र ते दिसेनासे होईपर्यंत उड्या मारत राहायची. आपलं काय चुकलं हे तिला कळत नसे, आणि चुकलेलं काही नव्हतंच.

कराडकडच्या माझ्या माहेरी कुत्रं कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. ते असायचं. मळ्यात असायचं, उकिरड्यावर असायचं, जेवणाच्या वेळेला दारात असायचं. ते चपळ आहे की शांत, हे कोणी विचारलं नाही. दिवसभर ते आपल्या कामाला जायचं आणि दमून यायचं. नवी मुंबईत आल्यावर मला पहिल्यांदा समजलं की कुत्र्यालाही जागा बघावी लागते, आणि जागा बघताना त्याचे पाय मोजावे लागतात.

त्या एप्रिलात खारघरहून अर्णवचे आईवडील आले. अर्णव माझा विद्यार्थी नव्हता, माझ्या एका विद्यार्थ्याचा मित्र. उंच, किडकिडा, बोलताना चष्मा वर सारणारा. भिंगरीने जाळीवर झेप घेतली तेव्हा तो मागे सरला नाही, हसला. वडील म्हणाले, “ॲक्टिव आहे, बरंच झालं. याला जरा मैदानात तरी नेईल.” आमची घरतपासणी असते, कुत्रा देण्याआधी आम्ही घर बघून येतो. बाल्कनीला जाळी हवी, सोसायटीची परवानगी हवी, कुत्रा घरात झोपेल याची कबुली हवी. अर्णवच्या घरी सगळं होतं. बाल्कनीतून मेट्रोचा पूल आणि त्यापलीकडे डोंगर दिसायचा. आईने मला पन्हं दिलं. मला घर आवडलं, माणसं आवडली. आजही त्यांच्याबद्दल मला वाईट बोलता येत नाही.

सुरुवातीला फोनवर व्हिडिओ यायचे. भिंगरी सोफ्यावर, भिंगरी बेसिनमध्ये, भिंगरी अर्णवची चप्पल घेऊन पळताना आणि मागून सगळ्यांचं हसणं. मग व्हिडिओ कमी झाले आणि निरोप वाढले. ती बसतच नाही, मॅडम. पडदा खाली ओढला. लिफ्टमध्ये एका आजोबांच्या अंगावर चढली. खालच्या मजल्यावरच्यांना पायांचा आवाज येतो. सकाळ-संध्याकाळ तासतासभर फिरवतोय, आम्ही दमतो, ती दमत नाही. अर्णवला अकरावीच्या प्रवेशाआधीच कोचिंगला घातलं होतं, तो आता दिवसभर घरात नसायचा. त्याची आई एकदा फोनवर रडली. “मी वाईट बाई नाही हो, मॅडम. पण दाराची बेल वाजली तरी दार उघडावंसं वाटत नाही. कोण तक्रार घेऊन आलंय असंच वाटतं.” खरंच वाईट नव्हती. त्या घरात चुकीचं असं कोणीच नव्हतं, फक्त भिंगरीचे पाय त्या घरापेक्षा मोठे होते.

मेच्या मध्याला त्यांनी तिला परत आणलं. अर्णव गाडीतून उतरला नाही. काच वर करून, मान खाली घालून बसून राहिला. त्याची आई माझ्याकडे न बघता भिंगरीचं गादीचं अंथरूण, वाटी, चेंडू असं एकेक काढून शेडच्या दारात ठेवत होती. आणि भिंगरी? ती गाडीतून उडी मारून थेट आत धावली, सगळ्या पिंजऱ्यांना एक फेरी मारून आली, माझ्या अंगावर उडाली. तिला वाटलं, फिरून आलो. गाडी निघून गेल्यावर पुष्कळ वेळाने ती दारापाशी जाऊन रस्त्याकडे बघू लागली. माझा जीव तेव्हा जेवढा तुटला तेवढा तोवर कोणत्याही कुत्र्यासाठी तुटला नव्हता. वर्षाताई म्हणाल्या, “हिला आता कोणी नेणार नाही. परत आलेली म्हटल्यावर लोक दोनदा विचार करतात.” शेडमध्ये आणखी कुत्री येतच होती. पिंजऱ्यात म्हाताऱ्या होईपर्यंत गोल गोल फिरणाऱ्या दोघी-तिघी आमच्याकडे आहेत. हळूहळू त्यांची वर्तुळं लहान होत जातात, मी पाहिलंय. भिंगरीचं तसं होऊ नये, एवढी एकच गोष्ट मला त्या उन्हाळ्यात हवी होती.

अशात एका सकाळी हिराजीकाका आले. घणसोली गावातलेच. सत्तरीला टेकलेले, हाफपँट, वर बनियन, डोक्याला गमछा. येताना त्यांची स्कूटर दोनदा बंद पडली होती, त्यामुळे ते चिडूनच आत शिरले.

“कुत्रा भेटतो ना हितं?”

“मिळतो,” वर्षाताई म्हणाल्या. “कसा हवाय?”

“कसा म्हंजे? धावनारा. ते पानकावले माजी सगली कोलंबी खातान. म्हातारा कुत्रा होता, त्यो मेला.”

मी कोपऱ्यात पातेली घासत होते. हात तसाच थांबला. “शांत नको?” मी विचारलं.

“शांत कुत्रा घेऊन काय करू? त्याची पूजा घालू?”

गावाच्या मागे, खाडीला लागून, काकांचं कोलंबीचं तळं होतं. पूर्वी तिथे भातशेती होती, खारं पाणी शिरलं तेव्हापासून कोलंबी. त्याभोवती मातीचा बांध, आणि बांधात भरतीचं पाणी आतबाहेर करणारी लाकडी झडप, तिला तिथे उघाडी म्हणतात. वर्षाताईंनी आपली नेहमीची चौकशी सुरू केली. बाल्कनीला जाळी आहे का?

“कोन्ची बाल्कनी? मी दिवसभर बांदावर असतो.”

“ती झोपेल कुठे?”

“तिला वाटंल तिकडं. मी काय तिला गादी घालून देऊ? मनाच कोन घालून देत नाय.”

वर्षाताईंनी मान हलवली. मोकळं सोडून ठेवणाऱ्याला कुत्रा द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यामागे गाडीखाली गेलेल्या पुष्कळ कुत्र्यांची आठवण होती, त्यामुळे मीही कधी त्यावर वाद घातला नव्हता. त्या दिवशी घातला. खूप घातला. शेवटी तपासणीला जाऊन तरी येऊ, एवढ्यावर त्या तयार झाल्या, आणि मी भिंगरीलाही साखळी घालून सोबत घेतलं. नुसतं बघायला म्हणून.

तळ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखलाचा तो वास, ज्यामुळे आमच्या सोसायटीतले लोक खिडक्या लावून घेतात. बांधाच्या कडेला मिठाची पांढरी खपली. पाण्यात रोवलेल्या बांबूंवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, अगदी घरच्यासारखे. भिंगरीने त्यांना पाहिलं आणि माझ्या खांद्याला हिसका बसला. साखळी हातातून गेली. पुढचं मी नुसतं बघत उभी राहिले. ती बांधावरून धावत सुटली, पूर्ण तळ्याला फेरी घालून, पाणकावळे उडाले, बगळे उडाले, ती पुन्हा फेरी घालून आली, पुन्हा गेली, उघाडीवरून उडी मारून थेट पाण्यात पडली. काकांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वर्षाताई डोक्याला हात लावून बसल्या. आणि मग, पुष्कळ वेळाने, भिंगरी चिखलाने माखलेली, धापा टाकत परत आली. आमच्यापासून थोड्या अंतरावर बांधावर उभी राहिली. तिने एकदा तळ्याकडे बघितलं आणि ती बसली.

हे वाचणाऱ्याला त्यात काय एवढं, असं वाटेल. पण तिला तशी बसलेली आम्ही कधीच पाहिली नव्हती. पुढचे पाय सरळ पसरून, हनुवटी त्यावर ठेवून, डोळे अर्धे मिटून. ज्याला लोक शांत म्हणतात, ते हे असतं, असं मला तेव्हा वाटलं. धावून झाल्यानंतरचं.

“जाळीचं राहू दे,” वर्षाताई म्हणाल्या.

त्या उन्हाळ्याचे उरलेले दिवस मी शेडमधून परतताना वाट वाकडी करून तळ्यावर जायची. काका तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी घेऊन बसलेले असायचे, माझ्यापुढे अर्धी भाकरी सरकवायचे. “टीचर, हिला काय शिकवलंत तुमी? माजा एक शब्द आयकत नाय.” मी म्हणायची, “काका, मी माणसांच्या पोरांना शिकवते, तीही ऐकत नाहीत.” भिंगरी लांब कुठेतरी बांधाच्या वळणावर तांबडा ठिपका होऊन पळत असायची. भरती यायला लागली की पाण्याचा रंग आधी बदलायचा आणि मग आवाज. काका उठून उघाडी उचलायचे, भिंगरी आधीच तिथे जाऊन उभी असायची. काकांना ते आवडायचं, पण ते दाखवायचे नाहीत. पलीकडे खाडीत फ्लेमिंगोंचे फोटो काढायला मोठमोठे कॅमेरे घेऊन लोक यायचे. त्यांच्यातला कोणी या बाजूला वळला तर भिंगरी त्याच्या मागे लागायची. एका गृहस्थाने वर्षाताईंकडे तक्रार केली. वर्षाताई म्हणाल्या, “ती ड्युटीवर असते.” तेव्हा आम्ही किती हसलो होतो.

आजवर आम्ही जितकी घरं शोधली त्यातलं इतकं बरोबर घर दुसरं नव्हतं. चार भिंती नसलेलं, पण बरोबर. मला त्या उन्हाळ्याचं सुख आठवतं आणि लगेच रागही येतो. कोणावर, ते नीट सांगता येत नाही.

कारण ते तळं आता नाही. तो तुकडा काकांच्या भावांचा आणि पुतण्यांचाही होता. सगळ्यांनी एका बिल्डरला देऊन टाकायचं ठरवलं. काकांची सही शेवटची. मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “भावांनी केल्या, पुतन्यांनी केल्या. मी एकटा किती दिवस आडवा पडू? आनि खोटं कशाला बोलू, टीचर, पोराला पन फ्लॅट पायजेच होता.” माझाही फ्लॅट कोणाच्या तरी भातावर उभा आहे.

भरावाचे डंपर आले ते हिवाळ्यात. पहिले काही दिवस भिंगरी डंपरांच्या मागे धावली, पाणकावळ्यांच्या मागे धावावं तशी. पाणकावळे उडून जायचे, डंपर जात नव्हते. ते मागे सरकत यायचे आणि माती ओतून जायचे. तळ्याची एक बाजू बुजली, मग दुसरी. बांध दिवसागणिक आखूड होत गेला. मी रविवारी जायची तेव्हा भिंगरी उरलेल्या बांधावर धावत असायची, टोकाला जाऊन वळायची, परत यायची, पुन्हा वळायची. वळणं जवळजवळ येत गेली. एका रविवारी मी पाहिलं तर ती जवळपास जागच्या जागी फिरत होती. मला शेडमधला तिचा पिंजरा आठवला आणि मी पुढे न जाता रिक्षा पकडून घरी आले.

मग सगळीकडून निळे पत्रे लागले. काका पोराबरोबर नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहायला गेले. भिंगरीलाही त्यांनी नेलं. तिला खिडकीच्या गजाला बांधायचे. सून कजाग नव्हती, पण बाळ रांगायला लागलं होतं आणि तिचं लक्ष दोन्हीकडे पुरत नसे. भिंगरी दोरी कुरतडायची, दार उघडं मिळालं की नऊ मजले जिन्याने उतरायची आणि जाऊन त्या निळ्या पत्र्यांच्या कडेकडेने धावायची. आत जायला फट शोधत. त्या रस्त्यावर दिवसभर डंपरांची ये-जा. शेवटी काका तिला स्कूटरवर पुढ्यात बसवून शेडमध्ये घेऊन आले. ती स्कूटरवरून उतरली आणि या वेळी पिंजऱ्यांना फेरी मारली नाही. काकांच्या पायाशीच उभी राहिली.

“गारीखाली येल ती,” काका म्हणाले. “तुमच्याकडं ठेवा. जित्ती तं राहील.”

सुरुवातीला ते रविवारी यायचे. कागदात बांधून सुकट आणायचे. त्यांच्या स्कूटरचा फटफट आवाज रस्त्याच्या वळणावर आला की भिंगरी पुन्हा पहिल्यासारखी व्हायची, जाळीला धडका द्यायची. मग त्यांचा गुडघा गेला, आणि येणं थांबलं. काही रविवार तिने वळणाकडे बघत काढले. नंतर दुसऱ्या कोणाची स्कूटर आली तरी ती मान उचलेनाशी झाली. गोल फिरणं कमी झालं. दुपारी ती गोणपाटावर इतरांसारखी पडून राहू लागली, मग सकाळीही. मी साखळी घालून बाहेर नेलं तर माझ्या बाजूने, माझ्या चालीने चालायची. खांद्याला हिसका नाही. आम्ही घाबरून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, रक्त बघितलं आणि सांगितलं की तब्येत उत्तम आहे.

मी काकांना भेटायला गेले होते. ते घरात नव्हते. नवव्या मजल्यावर लिफ्टच्या समोर जी मोकळी जागा असते तिथे खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. त्या खिडकीतून निळे पत्रे दिसतात, आत उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या सळया दिसतात. सून चहा घेऊन तिथेच आली. चांगली मुलगी आहे. म्हणाली, “बाबा आता एकदम शांत झालेत हो, टीचर. आधी इथे आल्यावर किती चिडचिड करायचे. आता काही त्रास नाही.” काकांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. बशीत चहा ओतून ते तो गार होईपर्यंत बघत राहिले. मी निघाले तेव्हा काकांनी विचारलं, “भिंगरी धावते का?”

“धावते,” मी म्हटलं.

“मंग बरा हाय.”

लिफ्ट येईपर्यंत मला तिथे त्यांच्या बाजूला उभं राहावं लागलं. त्या खिडकीतून बघायचं मी टाळलं.

यंदाच्या मोसमात वर्षाताईंनी भिंगरीचा नवा फोटो टाकला. ती बसलेली, पाय पसरून, हनुवटी पायांवर. खाली त्यांनी लिहिलं होतं: शांत, समजूतदार, फ्लॅटसाठी योग्य. मी वाचलं आणि वर्षाताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “काय करू मग? खोटं लिहिलंय का?” खोटं नव्हतं. त्यांचंही बरोबर होतं, पिंजऱ्यापेक्षा घर केव्हाही चांगलं. मीच का नेत नाही तिला, हेही माझ्या मनात येऊन गेलं. नेलं असतं तरी दुसरा मजला, सतरंज्या आणि पंखा.

पहिला फोन सानिकाच्या आईचा आला. सानिका माझी यंदाची विद्यार्थिनी, हुशार आणि मवाळ. तिला वर्षभर कुत्रा कबूल केलेला. त्यांचं घर सीवूड्सच्या खाडीकडच्या टोकाला आहे, वरच्या मजल्यावर. तिने भिंगरीच्या पिंजऱ्यापुढे बसून जाळीतून बोटं आत घातली. भिंगरीने ती हुंगली आणि तोंड पायांवर परत ठेवलं. “टीचर, हीच,” सानिका म्हणाली. आई मागे सरली नाही. सरायला काही कारणच नव्हतं.

आम्ही तिला नेऊन सोडलं तेव्हा संध्याकाळ होत आली होती. घर छान आहे. बाल्कनीला जाळी आहे, सोसायटीची परवानगी आहे, सानिकाच्या पलंगाशेजारी नवं अंथरूण घातलेलं. भिंगरी घरभर एकदा चालली, कशालाही तोंड लावलं नाही आणि बाल्कनीत जाऊन जाळीपाशी पडली. सानिकाची आई कृतार्थ झाल्यासारखी तिच्याकडे बघत होती. मी पन्हं पीत होते.

तेवढ्यात खाडीवरून बगळे परतू लागले. रोजच्या वेळेला परततात तसे, रांगेने. बाल्कनी इतकी उंच की ते अगदी डोळ्यांसमोरून, जाळीपासून हातभर अंतरावरून गेल्यासारखे वाटले. ही आता भुंकेल या भीतीने सानिकाने माझ्याकडे बघितलं. भिंगरीने डोकं उचललं. कान पुढे केले. पहिला बगळा गेला, दुसरा गेला, तिची नजर त्यांच्याबरोबर जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मी पेला खाली ठेवला. ऊठ, मी मनात म्हणत होते, ऊठ गं, पाड ती कुंडी, घे झेप, मी नेते तुला परत. रांग संपली. भिंगरीने हनुवटी पुन्हा पायांवर ठेवली.

“गुड गर्ल,” सानिका म्हणाली आणि तिला बिस्कीट दिलं.

दारापर्यंत सोडायला आई आली. मी चपला घालत होते. तिने आवाज खाली आणून विचारलं, “टीचर, ही पहिल्यापासूनच अशी शांत आहे का हो?”

“नाही,” मी म्हटलं. “शिकली ती.”

“छान शिकवलंय,” ती म्हणाली. “ज्याने कोणी शिकवलं त्याने.”